ताईच्या गाठीचे काप

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, एका रंगाच्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत आमची प्रयोगशाळा आहे. खाली खोक्यांचं गोदाम, वर आम्ही आठ-नऊ माणसं. मी पालघरला राहते आणि गेली बरीच वर्षं रोज इथे येते. लोकांनी विचारलं की मी सांगते, लॅबमध्ये आहे. मग ते रक्त-लघवी तपासायची लॅब समजतात आणि रिपोर्टचे कागद दाखवायला लागतात. आम्ही माणसं तपासत नाही. आम्ही अँटिबॉडी तपासतो.

आमच्याकडे येणारी अँटिबॉडी म्हणजे सशाच्या रक्तातून मिळवलेलं प्रथिन असतं. शरीरातल्या एका ठरावीक गोष्टीलाच ते जाऊन चिकटतं, दुसऱ्या कशाला चिकटू नये अशी अपेक्षा असते. ती अपेक्षा खरी आहे का, हे बघायचं काम आमचं. ज्या अँटिबॉडीबद्दल मी सांगते आहे ती कॉर्टिसॉलच्या रिसेप्टरची होती. माणूस घाबरला, थकला, काळजीत पडला की कॉर्टिसॉल रक्तात वाढतं. ते पेशीत शिरून ज्या जागी बसतं, ती जागा म्हणजे रिसेप्टर. ऊतीचा पातळ काप काचेवर घ्यायचा, त्यावर अँटिबॉडी सोडायची, मग रंग. जिथे रिसेप्टर असेल तिथे तपकिरी, बाकी निळं.

हे सगळं काप कसा आहे यावर ठरतं. मेणात बसवलेल्या ऊतीचा चार मायक्रॉनचा काप काढायचा असतो, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी पातळ. ते काम ताई करायची. ताई माझी कोणी लागत नव्हती, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आणि माझ्याआधी तिथे लागलेली, म्हणून ताई. माहेर घिवलीचं, मासेमारी करणाऱ्या घरातली. तारापूरच्या कॉलेजात शास्त्र शिकलेली. नवरा जळगावकडचा, कारखान्यात फिटर. दोघांनी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं आणि नंतर घरचे निवळले होते. एक मुलगी, तेव्हा नववीत.

काप काढताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर मेणाची ती नाजूक पट्टी उडून जाते. एप्रिल-मेमध्ये त्या खोलीत बसवत नसे. ताई मात्र तासन् तास बसायची, पाठ सरळ, उजव्या हाताने यंत्राचं चाक एका लयीत फिरवत. पट्टी पात्यावरून उतरायची, ती ब्रशच्या टोकाने उचलून कोमट पाण्यावर सोडायची. पाण्यावर ती पसरली की एकही सुरकुती नसायची. मी तिला इतकी वर्षं पाहिलं, पण ती हे कसं करते हे मला कधी कळलं नाही.

त्या रिसेप्टरची पहिली अँटिबॉडी आली तेव्हा सगळे खूश होते. स्लाइडवर मस्त तपकिरी रंग आला. सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, फोटो काढले. ताईने कोणी न सांगता आणखी एक स्लाइड लावली होती. आमच्याकडे अशा पेशींची एक गोळी मेणात ठेवलेली होती ज्यांतून हा रिसेप्टर मुद्दाम काढून टाकलेला होता. त्यावर काहीच रंग यायला नको होता. तीही तपकिरी झाली.

ताई ती स्लाइड घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं, मी बाहेर उभी होते.

"सर, ही कशालाही चिकटते आहे."

"थोडं होतंच तसं. पाणी जास्त घाल, हलकी कर."

"हलकी करून पाहिली. जिथे रिसेप्टर नाही तिथेही रंग आहे. आपण दिली तर समोरचा माणूस नसलेली गोष्ट आहे असं लिहील."

सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकात बघत राहिले. अँटिबॉडी विकत घेणारी पार्टी थांबलेली होती. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. परत पाठवतो, दुसरी मागवू."

त्यामुळे सगळं पहिल्यापासून सुरू झालं. नवीन अँटिबॉडी यायची, आम्ही लावायचो, ती खोटी निघायची. त्या महिन्यांमध्ये आमच्या हाताला फुरसत नव्हती. शुक्रवारी वसाहतीला सुट्टी असते, तरी आम्ही दोघी येत होतो.

अशाच एका शुक्रवारी दुपारी, डबा खाताना ताई म्हणाली, "इथे हाताला काहीतरी लागतंय गं." आणि तिने उजव्या काखेच्या खाली बोट लावलं.

मी म्हटलं, "दाखव कोणाला तरी."

"दाखवते. जरा घरचं मार्गी लागू दे."

घरचं म्हणजे भाऊजींचं, तिच्या नवऱ्याचं. त्यांचा कारखाना बंद झाला होता. नवीन काम मिळत होतं, पण कंत्राटी आणि शिकाऊ माणसाच्या हाताखाली. ते नाही म्हणत होते. मग काहीच म्हणेनासे झाले. दिवसभर घरात बसायचे, बोलायचे नाहीत. ताई सांगायची, "टीव्ही पण लावत नाहीत. नुसते भिंतीकडे बघतात."

मी त्या दिवशी तिला दाखव म्हटलं आणि डबा धुवायला उठले. पुढच्या आठवड्यात विचारायला हवं होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात तरी. माझ्या डोक्यात स्लाइडी होत्या. हे मी आजवर सरळ कोणाला लिहून दाखवलेलं नाही.

चार महिन्यांनी भाऊजी कामाला लागले. त्याच आठवड्यात ताई डॉक्टरकडे गेली. तोवर गाठ सुपारीएवढी झाली होती आणि काखेतही पसरली होती. मुंबईला ऑपरेशन झालं. केमो त्यानंतर. तिच्या रजेच्या काळात काप मी काढायला लागले. माझ्या पट्ट्या फाटायच्या, सुरकुत्या यायच्या. मेणात बसवलेल्या ऊतीचे दोन ब्लॉक मी पूर्ण वाया घालवले.

ताई परत आली तेव्हा डोक्याला सुती ओढणी होती आणि उजवा हात सुजलेला. काखेतल्या गाठी काढल्या की हात असा सुजतो. यंत्राचं चाक उजव्या बाजूला असतं. तिने एकदा धरून पाहिलं, दोन-तीनदा फिरवलं आणि सोडून दिलं. मग ती डाव्या हाताने स्लाइडींवर नावं घालायची, नोंदी करायची. मी काप काढत असले की स्टूल ओढून शेजारी बसायची.

"चाक ढकलू नकोस. श्वास सोड आणि फिरव."

मी श्वास सोडायची. पट्टी तरीही फाटायची.

"येईल. मला दोन वर्षं लागली होती," ती म्हणायची. मला माहीत होतं की ते खोटं होतं.

त्याच सुमारास एक अँटिबॉडी अशी आली की रिसेप्टर नसलेली गोळी स्वच्छ निळी राहिली. आम्ही तीनदा लावून पाहिलं. तिन्ही वेळा निळी. उंदराच्या मेंदूत जिथे तपकिरी यायला हवं तिथेच आलं. आता ती माणसाच्या ऊतीवर लावून पाहायची राहिली होती, आणि तशी ऊती मिळायला आम्हाला वेळ लागत होता.

एका सकाळी ताईने पर्समधून प्लॅस्टिकची छोटी पिशवी काढून माझ्या टेबलावर ठेवली. आत मेणाचे दोन ब्लॉक होते. हॉस्पिटलने तिच्या काढलेल्या गाठीचे ब्लॉक दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला तिच्या ताब्यात दिले होते, तसे ते देतात.

"दुसरं मत घेऊन झालं," ती म्हणाली. "पहिल्यासारखंच आहे. आता हे घरी कपाटात ठेवून काय करू?"

मला पटकन समजलं नाही. समजलं तेव्हा मी म्हटलं, "नको ताई."

"का नको? इतकी वर्षं दुसऱ्यांचं कापलं. ती पण माणसंच होती."

सरही आधी नाही म्हणाले. मग तिने त्यांना कागद काढायला लावले. हॉस्पिटलकडून परवानगी आली, संमतीच्या अर्जावर तिने डाव्या हाताने सही केली. सरांनी तिला विचारलं, घरी सांगितलं आहे ना. ती हो म्हणाली. नंतर कळलं की सांगितलं नव्हतं.

तिच्या ऊतीचा पहिला काप मी काढला. बर्फावर ठेवून ब्लॉक थंड केला, यंत्रात बसवला. ती शेजारी स्टुलावर होती. पंखा बंद. पहिली पट्टी चुरगळली. दुसरी मधोमध चिरली. मला घाम फुटला होता. तो ब्लॉक किती लहान होता आणि मी त्यातलं किती वाया घालवते आहे, एवढंच मला दिसत होतं. तिने डावा हात माझ्या पाठीवर ठेवला. तिसरी पट्टी सरळ उतरली. पाण्यावर सोडली, पसरली. मेणाच्या मधोमध नखाएवढा पांढुरका तुकडा.

"घे," ती म्हणाली. "अशी यायला हवी."

दुसऱ्या दिवशी रंग झाला. आमच्याकडे दोघांना एकाच वेळी बघता येईल असा एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. ती एका बाजूला बसली, मी दुसऱ्या. मी स्लाइड हळूहळू सरकवत होते. कडेला चरबीच्या मोठमोठ्या रिकाम्या पेशी, मग दुधाच्या चांगल्या नलिका, त्यांच्या बाहेरच्या पेशींची केंद्रकं तपकिरी, जशी असायला हवीत तशी. आणि मग गाठ सुरू झाली. दाटीवाटीने पेशी, एकात एक घुसलेल्या, आणि सगळ्यांची केंद्रकं गडद तपकिरी.

तिच्या प्रकारच्या गाठीत हा रिसेप्टर इतका ठळक असणं फारसं चांगलं मानत नाहीत. मी ते वाचलं होतं. आमच्या टेबलावरचेच कागद ते, म्हणजे तिनेही वाचले होते. मी डोळे काचेवरून उचलले नाहीत, कारण उचलले तर तिच्याकडे बघावं लागलं असतं.

"चांगली बसली आहे," ती म्हणाली. "मागचं निळं बघ किती स्वच्छ आहे. कुठे डाग नाही."

"हो."

"ही देता येईल."

मग ती उठून डबा गरम करायला गेली.

त्यानंतर ताई सात महिने होती. शेवटचे दोन महिने घरीच. मी दर शुक्रवारी जायची. भाऊजी सगळं करायचे. तिला घट्ट काही गिळता येईना तेव्हा ते मऊ भात करायला शिकले, त्यात लसूण किती घालायचा हे तिने पलंगावरून सांगायचं. एकदा मला म्हणाली, "माझ्यापेक्षा चांगला करतात. सांगू नको त्यांना, मग रोज विचारतील चांगला झालाय का." एका सकाळी दहाच्या सुमारास ती गेली. मी कामावर होते. सरांनी लॅब बंद केली आणि आम्ही सगळे गेलो.

अँटिबॉडी विकायला निघाली तेव्हा तिच्यासोबत माहितीचं पान द्यायचं होतं, आणि त्या पानावर एक फोटो. सरांनी चार-पाच फोटो माझ्यासमोर ठेवले. त्यांनी काही सुचवलं नाही. मी तिच्या ऊतीचा निवडला, कारण तोच सगळ्यांत स्वच्छ होता. खाली लिहिलं, मानवी स्तनाची ऊती, चार मायक्रॉन. एवढंच लिहितात.

महिन्याभराने भाऊजी लॅबमध्ये आले. भर दुपारी, कारखान्याच्या गणवेशातच. ताईच्या लॉकरमधल्या वस्तू न्यायच्या होत्या. मी काढून दिल्या. स्टीलचा डबा, चष्म्याचं घर, लॅबमध्ये घालायच्या चपला. पिशवीत भरून झाल्यावरही ते उभेच राहिले.

"मॅडम, एक विचारू?"

"बसा ना, भाऊजी."

ते बसले नाहीत. "कागद आवरताना तिच्या सहीचा अर्ज सापडला. तिची गाठ तुमच्याकडे आहे म्हणे."

मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते, हातातली पिशवी पिळत.

"तुम्ही इथे टेन्शन तपासता ना? ती सांगायची. टेन्शनचं काहीतरी."

"टेन्शन नाही. एक संप्रेरक असतं, त्याची जागा."

"तिच्या माहेरचे म्हणतात, माझ्या टेन्शनने झालं. मी घरी बसलो होतो ना तेव्हा. तिची आई तोंडावर बोलली. माझे स्वतःचे भाऊ पण म्हणतात." ते थांबले. "मला बघायचंय."

मी नाही म्हणायला हवं होतं की नको, मला अजून ठरवता येत नाही. मी स्लाइड काढली, लावली, त्यांना डोळे कुठे ठेवायचे ते दाखवलं. त्यांना आधी काहीच दिसेना. मग दिसलं.

"हे तपकिरी म्हणजे टेन्शन?"

"नाही, भाऊजी. ही जागा प्रत्येकाच्या अंगात असते. माझ्या, तुमच्या. सुखात असलेल्या माणसाच्याही. यावरून ती किती काळजीत होती ते कळत नाही."

"मग माझ्यामुळे झालं नाही, असं यात दिसतं का?"

मला हो म्हणता आलं असतं. त्यांना कोण सांगणार होतं की ते खरं नाही? पण मी ताईच्या टेबलाशी बसले होते. "तसंही दिसत नाही," मी म्हटलं. "गाठ कशाने झाली ते कोणालाच सांगता येत नाही. टेन्शनने होते असं डॉक्टरही सांगत नाहीत."

त्यांनी मान हलवली. ते सुटले नव्हते, मला दिसत होतं. आणि मग मी जे इतके दिवस कोणाला बोलले नव्हते ते बोलून गेले.

"तिला गाठ लागली होती ती डॉक्टरकडे जायच्या चार महिने आधी. तिने मला सांगितलं होतं. मी तिला डॉक्टरकडे ओढून न्यायला हवं होतं. मी नेलं नाही. तुम्हाला दोष द्यायचा असेल कोणाला तर मला द्या."

मला वाटलं होतं मी त्यांचं ओझं कमी करते आहे. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली.

"तुम्हाला सांगितलं होतं?"

"हो."

"चार महिने?"

मी मान हलवली.

"मी तिच्या शेजारी झोपत होतो," ते म्हणाले. "मला नाही सांगितलं."

पिशवी घेऊन ते जिना उतरले. त्यानंतर त्यांनी माझा फोन घेतला नाही. त्यांच्या मुलीला मी दोनदा निरोप दिला, तिने दिला असावा. बोईसरच्या बाजारात एकदा ते समोरून आले आणि मला पाहून भाजीच्या गाड्यांच्या पलीकडून गेले. मी घरी येऊन खूप विचार केला. खरं बोलून मी त्यांचं काय भलं केलं? त्यांना आधी एकच गोष्ट सलत होती, आता दोन.

वर्षश्राद्ध घिवलीला ताईच्या माहेरी होतं, तिच्या आईला आता फार चालवत नाही म्हणून. मुलीने मला फोन केला. "मावशी, आजीने बोलावलंय. या." भाऊजींनी बोलावलं आहे का, हे मी विचारलं नाही.

घर समुद्राजवळच. ओट्यावर जाळ्यांचा ढीग, बाजूला भातशेतीच्या बांधावरून पॉवर स्टेशनच्या दिशेने जाणारा रस्ता. भाऊजी विधीला बसलेले होते. जेवणं झाल्यावर बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या. ताईच्या आईने मला जवळ बसवलं. त्यांचा हात हातात घेतला तर तो कोरडा आणि हलका लागला.

"जावय सांगत व्हता," त्या म्हणाल्या. "तुमच्या मशिनीत बगलां त्यानं. टेन्शनचा नाय म्हनं."

"नाही आई. कशाने झालं ते कळत नाही."

"डॉक्टरला बी नाय कलत?"

"नाही."

त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेर भाऊजी पानं उचलत होते.

"मंग आमी कोनाला बोलाचां?" त्या म्हणाल्या.

भाऊजींनी ऐकलं होतं. ते दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आई, मला बोलत जा. मला सवय झाली आहे." ते चिडून म्हणाले नाहीत. म्हाताऱ्या बाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांची नात उठून त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली.

परत निघाले तेव्हा बोईसरला जाणारी रिक्षा मिळेना. भाऊजींनी स्कूटर काढली. अर्धा रस्ता मागे पडला. मग त्यांनी विचारलं, "तिने काय सांगितलं होतं, नक्की? शब्द?"

मी सांगितलं. इथे हाताला काहीतरी लागतंय गं. आणि दाखवते, जरा घरचं मार्गी लागू दे.

त्यांनी स्कूटर हळू केली, पण थांबवली नाही. स्टेशनजवळ मी उतरले. ते हेल्मेटचा पट्टा उगाच घट्ट करत होते.

"तुम्ही मला सांगितलंत ते बरं केलंत, असं मला अजून म्हणता येत नाही," ते म्हणाले.

"नका म्हणू."

"पण शुक्रवारी घरी येत जा. पोरीला बरं वाटतं."

मी हो म्हटलं. मी जाते. कधी भाऊजी घरी असतात, कधी नसतात. असले तर चहा ठेवतात, आणि आम्ही मुलीच्या कॉलेजबद्दल बोलतो.